सूचक कोण, अनुमोदक कोण

भीमराज ओव्हाळचा उजवा गुडघा रग्बीनं घेतला आणि उरलेला माणूस मीटिंगांनी. पहिल्याचं त्याला कधी वाईट वाटलं नाही. दुसऱ्यानं मात्र तो असा पिकून गेला, की सन एकोणऐंशीत चाळिशी जेमतेम ओलांडलेली असूनही संत तुकाराम नगरातले लोक त्याला म्हाताऱ्याला द्यावी तशी वाट द्यायचे.

तुम्ही म्हणाल, पिंपरीत रग्बी कुठून आली? आली बाबा. त्रेसष्ट-चौसष्टच्या सुमारास भीमराज टर्नर म्हणून कंपनीत लागला, तेव्हा तिथं मशिनी बसवायला एक गोरा इंजिनियर आला होता. संध्याकाळी त्याला करमायचं नाही. कंपनीमागच्या माळावर एकटाच एक लांबट चेंडू लाथाडत राहायचा. सुटलेल्या शिफ्टनं आधी त्या चेंडूला पपई म्हणून नाव ठेवलं, मग थोड्याच दिवसांत तीच पपई छातीशी धरून पळायला सुरुवात केली. हुतुतूवर पोसलेली अंगं ती. माणूस धरावा कसा आणि पाडावा कसा, हे त्यांना शिकवायला गोरा कशाला पाहिजे? साहेब मशिनी बसवून आपल्या देशी गेला, खेळ इथंच राहिला. माळ सगळा मुरमाचा. पडलं की सालटं निघायची. पण आजूबाजूच्या कंपन्यांच्या टीमा झाल्या, रविवारचे सामने ठरले, बघायला बायका-पोरंसुद्धा यायला लागली.

या खेळात स्क्रम म्हणून एक प्रकार असतो. दोन्हीकडचे गडी एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून, डोकी खाली घालून समोरच्यांना रेटतात. आमच्या स्क्रमच्या पहिल्या ओळीत मधोमध भीमराज आणि त्याच्या उजव्या हाताला कादर तांबोळी. कादर चिंचवडचा, दुसऱ्या एका कंपनीत फिटर, मान बैलासारखी आणि बोलणं मऊ. तेव्हा कंपन्यांच्या टीमा सरमिसळ असायच्या, कोण कुठल्या गेटातून आत जातो ते कुणी विचारायचं नाही. भीमराज मधे लोंबकळायचा आणि त्याचा सगळा भार कादरच्या खांद्यावर असायचा. “बायकोच्या खांद्यावर ठेवला नाही एवढा हात कादरच्या खांद्यावर ठेवला,” असं तो चारचौघांत सांगायचा. ते ऐकून शालन, त्याची बायको, म्हणायची, “मग त्याच्याच घरी जा की जेवायला.” आणि तो खरंच जायचा.

मग विजेचा तुटवडा आला आणि सरकारनं कारखान्यांच्या सुट्ट्या वाटून दिल्या. काहींना रविवार, बाकीच्यांना गुरुवार. झालं! वीज किती वाचली कोण जाणे, रग्बीचे मात्र सरळ दोन तुकडे पडले. गुरुवारवाले म्हणाले, सामने गुरुवारी. रविवारवाले म्हणाले, आमच्या रविवारला काय धाड भरलीय? सहा महिन्यांत दोन संस्था उभ्या राहिल्या. गुरुवारवाल्यांचा संघ, त्याचे सेक्रेटरी कुरुळीचे जयसिंग. रविवारवाल्यांचं मंडळ, त्याचे सेक्रेटरी आकुर्डीचे ज्योतीराम. दोघंही मनानं वाईट नव्हते हो. पण दोघंही आपापल्या कंपनीत युनियनचे पुढारी, आणि खरी गोम तिथंच होती. या माणसांनी आयुष्यात संस्था म्हणून एकच बघितली होती, ती म्हणजे युनियन. त्यामुळे रग्बीही तशीच चालली. ठराव, सूचक, अनुमोदक, कोरम, निषेध. पंचानं चुकीची शिट्टी मारली तर पुढच्या सामन्याला गडी काळ्या फिती लावून उतरायचे. एकदा तर गोलाच्या खांबांना चुना कुणी लावायचा यावरून मध्यंतरात धरणं धरलं होतं. चेंडू मधे पडलेला, दोन्ही टीमा बसलेल्या, आणि घोषणा! आता याला काय म्हणावं?

दोन्ही संस्थांनी आणखी एक ठराव केला. समोरच्या संस्थेच्या कुणाबरोबर जो खेळेल, तो आपल्याकडून कायमचा बाद. भीमराजच्या कंपनीची सुट्टी गुरुवारी, कादरच्या कंपनीची रविवारी. एका ठरावानं दोघांचे खांदे सुटले. भीमराजच्या उजव्या हाताला मग एकामागून एक किती गडी आले. एकालाही तो भार झेपेना. त्यातच एका गुरुवारी स्क्रम कोसळला आणि गुडघा गेला. तो दवाखान्यात असताना कादर रोज डबा घेऊन यायचा. यावरूनही रविवारवाल्यांनी त्याला खुलासा विचारला. कादरनं काय खुलासा दिला तो इथं लिहिण्यासारखा नाही.

खेळता येईना तेव्हापासून भीमराज समेटाच्या मागं लागला. दोन्हीकडे त्याचं वावडं नव्हतं, म्हणून दोन्हीकडच्यांनी त्याला निरोप्या करून टाकला. शिफ्ट सुटली की सायकल काढायची, आज कुरुळी, उद्या आकुर्डी. वर्षामागून वर्षं हे घोंगडं भिजत पडलं. गुडघा बरा होत आला, तरी समेट होईना. एकच इच्छा होती बिचाऱ्याची. दोन्हींचं एक व्हावं आणि अंगात थोडी रग आहे तोवर त्या माळावर कादरच्या खांद्यावर हात टाकून एकदा तरी स्क्रममध्ये वाकावं. दुसरं काही नको होतं त्याला. शालनला हे कळत होतं, म्हणून ती रागावली तरी सायकल अडवायची नाही.

आणि मग माळच जायची पाळी आली.

प्लॉट वाटपाच्या ऑफिसात उद्धवराव म्हणून एक भले गृहस्थ होते. त्यांनी भीमराजला मुद्दाम बोलावून घेतलं. “ओव्हाळ, तुमच्या माळावर एका कारखान्याचा डोळा आहे. मैदान म्हणून राखून ठेवता येईल मला. पण एका संस्थेचा एक अर्ज पाहिजे. माझ्याकडे दोन आलेत, आणि दोन्हींत लिहिलंय की दुसरी संस्था बोगस आहे. मी काय करू सांगा?”

“एकच अर्ज आणतो साहेब.”

“कुणाचीही सही चालेल, तुमची एकट्याची असली तरी. बाकीचं मागाहून जोडा. पण दिवाळीच्या आत आणा. त्यापुढं माझ्या हातात काही नाही.”

दसऱ्याला सगळ्याच कंपन्या बंद. त्या दिवशी दुपारी माळाशेजारच्या हॉटेलात दोन्हीकडचे लोक बसले. आपट्याची पानं वाटून झाली, गळाभेटी झाल्या, चहा झाला. भीमराजला वाटलं, आज झालं काम. आणि खरंच, मोठे मोठे प्रश्न पटापट सुटले. एक आठवडा गुरुवारी सामने, एक आठवडा रविवारी. नाव नवीन. बंदी रद्द. सगळ्यांनी माना डोलावल्या. कादर भिंतीला टेकून बसला होता, त्यानं भीमराजकडे बघून हळूच खांदा उडवून दाखवला. भीमराजला हसू आलं. कित्येक महिन्यांत आलं नव्हतं.

मग कुणीतरी म्हणालं, एकीकरणाचा ठराव लिहून घ्या. सूचक कोण?

“सूचक आमी,” जयसिंग म्हणाले.

“का? तुम्ही का?” ज्योतीराम सावरून बसले. “मंडळ आधी नोंदलं गेलंय. सूचक आम्ही, अनुमोदन तुम्ही द्या.”

“अनुमोदन? म्हंजी तुमी बोलायचं आन् आमी मान हलवायची व्हय? न्हाई जमायचं.”

इथं घोडं जे अडलं ते अडलं. युनियनच्या माणसाला सूचक म्हणजे पुढारी आणि अनुमोदक म्हणजे त्याच्या मागं उभा राहणारा. मागं कोण उभं राहणार? भीमराज म्हणाला, नाणं उडवू. नाही. तो म्हणाला, सूचक मी होतो, तुम्ही दोघं अनुमोदक व्हा. दोघंही म्हणाले, तू कुठल्या बाजूनं ते आधी सांग. चहाचे कप दोनदा भरून दोनदा रिकामे झाले. शेवटी ठरलं, की दोन्ही संस्थांनी आपापल्या सर्वसाधारण सभा बोलवाव्यात आणि तिथं आपापला ठराव करावा. म्हणजे सूचकही दोन, अनुमोदकही दोन. सगळ्यांना ही तोड फार पसंत पडली. भीमराजनं डोळे मिटून घेतले.

बाहेर आल्यावर कादरनं त्याची सायकल धरली. “भीमराज, तो साहेब काय म्हणाला होता तुला? कुणाचीही सही चालेल?”

“हां.”

“मग कर ना तू सही! उद्या सकाळी जा, एक कागद दे, मोकळा हो. यांचे ठराव बसू देत अंडी घालत.”

“अरे पण अधिकार कुणी दिला मला? ठराव नाही, काही नाही. उद्या दोघंही म्हणतील, ओव्हाळनं परस्पर माळ आपल्या नावावर केला.”

“म्हणू देत की.”

“नाही यार. तसं नाही होत. रीतीनंच व्हायला पाहिजे.”

कादरनं सायकल सोडली. “तू पण त्यांच्यातलाच,” एवढंच म्हणाला आणि चिंचवडच्या दिशेनं चालायला लागला. भीमराजला ते लागलं. पण खोटं कुठं होतं? पंधरा वर्षं ज्यानं गेटसभेत हात वर करूनच सगळं बघितलं, त्याचा हात ठरावाशिवाय सहीला उठत नव्हता. त्याला कुणी अडवलं नव्हतं, धाक घातला नव्हता. त्याला ते सुचलंच नाही असंही नाही. सुचलं, आणि चोरी केल्यासारखं वाटलं.

गुरुवारवाल्यांची सभा नोटिशीची मुदत भरल्यावर गुरुवारी झाली. त्यांनी ठराव केला, पण त्यात एक शब्द बदलला. तो बदल रविवारवाल्यांकडे न्यायला पाहिजे. रविवारवाल्यांची सभा कोरमअभावी तहकूब झाली, कारण त्या दिवशी निम्म्यांना ओव्हरटाइम होता. पुढच्या सभेत त्यांनी तो शब्द मान्य केला आणि आपला एक घातला. भीमराज कुरुळीला जायचा, आकुर्डीला यायचा. चाकणच्या रस्त्याला चढ लागला की उतरून सायकल हातात धरायचा, गुडघा चोळायचा, पुन्हा चालायला लागायचा. घरी आला की शालन गरम पाण्याची पिशवी पुढं करायची. “अहो, एवढ्यात एक नवीन खेळ काढला असता तुम्ही,” ती म्हणायची. तो भाकरी हातात धरून झोपून जायचा.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी दोन्ही ठराव एकदाचे जुळले. अक्षर न् अक्षर सारखं. भीमराज रजा टाकून उद्धवरावांकडे गेला. इस्त्रीचा शर्ट घालून गेला होता.

उद्धवरावांनी दोन्ही कागद वाचले. शेवटपर्यंत वाचले, हे त्यांचं मोठेपण. मग चष्मा काढून बाजूला ठेवला. “ओव्हाळ, मागच्या आठवड्यात वरून विचारणा झाली. मैदानासाठी एका संस्थेचा एक अर्ज आहे का? मी म्हटलं, येतोय. ते म्हणाले, येतोय म्हणजे काय? आहे की नाही? माझ्या टेबलावर तुमचा चार ओळींचा कागद असता तरी मी भांडलो असतो हो.” कागद परत पुढं सरकवत म्हणाले, “दिला प्लॉट त्या कारखान्याला.”

“साहेब, दिवाळी तर अजून यायचीय.”

“दिवाळीच्या आत म्हटलं होतं मी. वरचे त्याआधीच विचारतील हे मला तरी कुठं ठाऊक होतं?”

भीमराज उठला. दोन्ही ठराव त्यानं घडी घालून खिशात ठेवले. तिथं टाकून येणं त्याला बरं दिसलं नाही. जिन्यावर त्याचा गुडघा अडला आणि मागून येणाऱ्या शिपायानं त्याला हाताला धरून खाली आणलं. त्या दिवशी तो घरी न जाता माळावर गेला. चुन्याच्या रेघा पुसट दिसत होत्या. तो कडेला बसून राहिला. कुणाला शिव्या द्याव्यात हेसुद्धा त्याला ठरवता येईना. जयसिंगांना? ज्योतीरामांना? फिरून फिरून गाडी त्याच्या स्वतःपाशीच येत होती, आणि तिथं आली की त्याला नुसता थकवा यायचा.

दिवाळी संपली आणि माळाला तारेचं कुंपण पडलं. मग मात्र दोन्ही संस्था खडबडून जाग्या झाल्या. निषेधाची संयुक्त सभा बोलावली, त्याच हॉटेलात. माणसं मावत नव्हती इतकी आली. भीमराज येणार नव्हता. कादर स्वतः घरी येऊन त्याला घेऊन गेला. वाटेत दोघं दसऱ्याबद्दल बोलले नाहीत. आत एकाच बाकावर जागा होती, तिथं दाटीवाटीनं बसले. कादरचा खांदा त्याच्या खांद्याला भिडला होता. इतक्या वर्षांनी.

जयसिंग उभे राहिले. “माळ हिसकावल्याचा ही सभा जाहीर निषेध करती. आजपास्नं आपल्या दोनी संस्थांची एकच संस्था ऱ्हाईल, असा ठराव मी मांडतो.”

ज्योतीराम ताडकन उठले. “माझं अनुमोदन आहे!”

हात वर झाले. सगळे. टाळ्या पडल्या. चहावाल्या पोऱ्याचा पहिला फेरासुद्धा पुरा झाला नव्हता.

भीमराजचा हात वर गेलाच नाही. तो कादरच्या खांद्यावर गेला होता आणि तिथंच घट्ट धरून राहिला होता. मान खाली घातली होती त्यानं, आणि त्याची पाठ हलत होती. कादर समोर बघत ताठ बसला होता, भार घेऊन.

जयसिंगांचं लक्ष गेलं. सभा जिंकल्याच्या आनंदात ते मोठ्यानं म्हणाले, “अरं भीमराज, रडतूस काय लेका? एकमतानं झाला की ठराव!”