जाड तार

देव एखाद्या दिवशी खरोखर समोर उभा राहिला, तर तुम्ही-आम्ही पाया पडू, कोणी नवस बोलेल, कोणी नुसतंच रडेल. आमचे थोरले साडू मात्र आधी देवाच्या पाठीमागं जातील, त्याच्या डोक्यामागच्या तेजाला करंट कुठून आलाय ते बघतील, आणि एखादा जोड उघडा सापडला तर देवालाही चार शब्द सुनावल्याशिवाय प्रसाद घेणार नाहीत. मी वाढवून सांगत नाही. गावच्या जत्रेत पालखीवरची रोषणाई त्यांनी भर मिरवणुकीत बंद पाडली होती, कारण एका माळेची वायर सोललेली त्यांना दिसली. वाजंत्री थांबली, गुलाल थांबला, आणि हे पालखीखाली उकिडवे बसून चिकटपट्टी गुंडाळत राहिले. पुजारी तडकला, तर त्यालाच म्हणाले, "देवाला शॉक लागत नसंल, पर खांदा देणाऱ्याला लागतोय. उद्या त्यालाच खांदा द्यायची येळ यील."

बावीस वर्षं त्यांनी फौजेत जनरेटर आणि वायरलेसची दुरुस्ती केली. पेन्शन घेऊन कुंडलला परतले तेव्हा त्यांच्या काळ्या ट्रंकेत कपडे दोन आणि पकडी अकरा होत्या. उंची अशी की पंख्याला तेल घालायला स्टूल लागत नाही, आणि मिशा अशा की एका टोकाला बॅटरी जोडली तर दुसऱ्या टोकाला दिवा लागावा. माझी थोरली मेव्हणी, म्हणजे आमची आक्का, सांगते, "लग्नात मंगळसूत्र घालायच्या आधी ह्यांनी फासा दोनदा वढून बघितला. भटजी म्हनला, आवं पाव्हणं, मुहूर्त चाललाय. तर म्हनले, मुहूर्त परत यील, फासा तुटला तर सोनं न्हाई यायचं."

पण त्यांचं खरं वेड होतं फ्यूजचं. आमच्या भागात मोटरीला लाईट येते ती रात्री-बेरात्री, आणि ती येते तीसुद्धा कधी मेलेली, कधी पिसाळलेली. फ्यूज उडाला की माणसानं उसातनं, चिखलातनं चालत जायचं, तार बदलायची, परत यायचं, की पुन्हा उडालेला. शेवटी वैतागून माणूस फ्यूजमध्ये बारीक तारेऐवजी चांगली जाडजूड तांब्याची तार पिळून टाकतो. मग फ्यूज जन्मात उडत नाही. शेजारी कौतुकानं बघायला येतो आणि आपल्या घरी जाऊन तेच करतो. मळ्यातल्या पेटीत तीच तार, घरातल्या बोर्डातही तीच. साडू कुणाकडंही गेले की चपला काढायच्या आधी बोर्ड उघडायचे, तार बघायचे, आणि मग बसायला टाकलेल्या सतरंजीवर मांडी घालून शांतपणे विचारायचे, "ह्या घरात पैली मयत कुनाची हुनार, सांगू का?" चहाचा कप हातात घेऊन आलेली बाई जागीच थिजायची.

त्यांच्या मुलीसाठी माधवनगरला स्थळ बघायला आम्ही गेलो होतो, तेव्हाची गोष्ट. मुलगा देखणा, घर पक्कं, पोह्यांवर खोबरं सढळ हातानं. साडूंनी घास घेतला आणि विचारलं, "मीटर कुटं हाय?" मुलाच्या बापाला वाटलं, पाहुणे लाईटबिलावरून ऐपत जोखतात, तो खुशीनं घेऊन गेला. साडू दोन मिनिटांत परत आले ते ताट सारूनच. "पाव्हणं, ह्या घरात पोरगी द्यायची न्हाई."

"आवं पण आमी काय मागितलं तरी का?"

"मागितलं असतं तर बरं. फ्यूजात घोड्याचा लगाम घातलाय तुमी."

आक्का परतीच्या वाटेवर कुंडलपर्यंत रडत होती आणि पुढं महिनाभर त्यांच्याशी बोलली नाही. शेवटी पोरगी दिली ती एका वायरमनला. त्याच्या घरची तार बारीक होती. पगारही तसाच.

अशा माणसानं मुलांचं विज्ञान शिबिर काढलं तर ते कसं असणार? मार्च-एप्रिलात द्राक्षं वाळवून झाली की त्यांची बेदाण्याची शेड मोकळी व्हायची. जाळीचे उंच मजले, बाजूनं हिरवं कापड, आत गंधकाचा वास, खाली चिकट जमीन आणि तिच्यावर मुंग्यांची फौज. मे महिन्यात दहा दिवस तिथं शिबिर. सांगलीला गुळगुळीत फळ्यांचे आणि गार खोल्यांचे उन्हाळी वर्ग निघाले होते, तिथं पोरांना पडद्यावर ज्वालामुखी दाखवत. इथं सकाळी सहाला साडूंची आरोळी, "फॉलिन!" आणि चाळीस पोरं रांगेत. वही आणायची नाही, पुस्तक आणायचं नाही. घरातली एक मोडकी वस्तू मात्र आणायची. कुणी मिक्सर आणी, कुणी सायकलचं पायडल. एक पोरगं आज्यालाच घेऊन आलं. "ह्येचं गुडघं मोडल्यात." साडूंनी आज्याला खुर्चीवर बसवलं, त्याचं धोतर मांडीपर्यंत सारलं आणि तरफ म्हणजे काय ते त्या गुडघ्यावर अख्ख्या शिबिराला शिकवलं. आजा इतका खूश झाला की दुसऱ्या दिवशी न आणताच आला.

"डोळ्यानं शिकल्यालं इसरतंय, कानानं शिकल्यालं त्याच्या आधी इसरतंय," ते म्हणायचे. "हाताला इसरता येत न्हाई. हात लावा!" पोरं हात लावायची. पंपाचा पंखा उलटा बसवायची आणि पाणी का येत नाही ते भांडून ठरवायची. गणितात नापास झालेली पोरं कप्प्यांचा हिशेब धूळपाटी केल्यासारखा जमिनीवर मांडायची. शेवटच्या दिवशी फ्यूजचा धडा. गाडीची बॅटरी, तिच्यावर आधी बारीक तार: लाल झाली, तुटली, खेळ खलास. मग जाड तार: ती तशीच राहिली, पण तिला जोडलेल्या वायरचं रबर वितळून धूर निघाला. साडू एवढंच म्हणायचे, "बारकी तार म्हंजी फौजी हाय. फुडं हुबा ऱ्हातोय, आधी मरतोय. म्हनून मागचं घर वाचतंय." समोरच्या पोरांतल्या निम्म्यांचे चुलते नाहीतर बाप सीमेवर होते.

या पोरांत विलासची अनुजा होती, अकरा वर्षांची. विलास म्हणजे साडूंच्या शेजारच्या मळ्यातला. साडूंना 'नाना' म्हणायचा आणि त्यांच्यापुढं तंबाखू मळायचा नाही. अनुजानं बापाची बंद पडलेली बॅटरी, हातातली, शिबिरात उघडून नीट केली होती. विलास ती दिवसाढवळ्या पेटवून लोकांच्या तोंडावर मारायचा. "माझ्या पोरीनं केलीया. लय डोस्कं हाय." साडूंना ती एकदा म्हणाली होती, "नाना, तुमी सगळ्यांस्नी मरायचं भ्या घालता. तुमाला वाटत न्हाई का?" साडू मला सांगताना हसले होते. "बावीस वर्सं फौजेत कुनी इचारलं न्हाई, ते हिनं इचारलं."

त्याच वर्षी, शिबिर संपून दीड महिना झाला होता. पावसानं दडी मारलेली, म्हणून उसाला पाणी चाललं होतं. मी त्या रविवारी माझ्या गावाहून, मलकापूरहून, कुंडलला गेलो होतो. दुपारी विलास खालच्या रानात होता. त्यानं पोरीला हाक मारली, मोटरीचं बटण दाब गं. ती दोन वर्षं रोज दाबत होती; आमच्याकडं सगळीच पोरं दाबतात. पेटीभोवती ओल होती आणि आत एक वायर घासून पेटीच्या पत्र्याला लागली होती. पोरीनं झाकणही उघडलं नव्हतं. नुसता हात लावला होता.

बोलावणं आलं आणि साडू धावले, मागून मी. ते म्हाताऱ्या पायांनी माझ्या पुढं गेले. त्यांनी खांबावरून लाईट तोडली. विलास पोरीला उचलून जीपमधनं पलूसला घेऊन गेला. उपयोग नव्हता, हे बघणाऱ्या प्रत्येकाला कळत होतं. पोरीच्या आईला बायकांनी बांधावर धरून ठेवलं होतं. साडूंनी मग पेटी उघडली, फ्यूज ओढला. आत बोटाएवढी जाड वाटावी अशी तांब्याची तार पिळलेली होती. पेटीला अर्थिंगची तार होती; फ्यूजमध्ये बारीक तार असती तर वायर पत्र्याला लागल्याबरोबर ती जळून गेली असती आणि पेटी मुकाट मेली असती. त्यांनी ती जाड तार काढली, खिशात घातली, खिशातली बारीक तार जागेवर बसवली आणि झाकण लावलं. कोणी काही विचारलं नाही. ज्याच्या त्याच्या पेटीत तीच तार. ती काढण्यासारखी वस्तू आहे, हे साडूंकडून ऐकलेलं कोणीच मनावर घेतलं नव्हतं.

तेरावा झाल्यावर देवळाच्या कट्ट्यावर माणसं जमली. आधी कुजबुज होती, मग ती मोठ्यानं झाली. "हात लावा, हात लावा, ह्येच शिकवलं म्हाताऱ्यानं." "पोरांची भीतीच मोडून टाकली की." "शेडला कुलूप घाला, नाना." विलास खांबाला टेकून बसला होता. दाढी वाढलेली. तो उठला आणि साडूंच्या समोर येऊन उभा राहिला.

"नाना, माझी पोर सापाला भ्यायची, कुत्र्याला भ्यायची. पेटीला भ्याली न्हाई. तिची भीती तुमी मोडली."

मी साडूंकडं बघितलं. ज्या माणसानं सोयरिकीच्या घरात पोहे टाकून खरं सांगितलं, भर मिरवणुकीत देवाच्या तोंडावर सांगितलं, तो आता सांगणार, याची मला खात्री होती. मी त्यांना कोपरानं ढोसलंही.

साडू म्हणाले, "व्हय रं, विलास. माझं चुकलं."

एवढंच. मग कोणीतरी थुंकलं, आणि माणसं उठली.

परतताना मी बांधावर त्यांना अडवलं. "दाजी, खोटं का बोलला? तुमच्या खिशात ती तार हाय. कट्ट्यावर टाकायची हुती."

"टाकली असती. मग?"

"मग कळलं असतं समद्यांना, कुनाची चूक ते."

"ती तार त्यानं सोताच्या हातानं पिळलीया. बटण दाब म्हनून हाकबी त्यानंच मारली. त्या हाकंचं वझं घिऊन कसाबसा जगतोय त्यो. आनी वर मी तार दाखवू? उद्या त्यो त्या पेटीत बटण दाबाया हात घालंल, का दुसऱ्याच कामाला?"

तरी मी म्हणालो, "आणि बाकीच्या घरांचं? त्यांच्या पेट्यांत अजून तीच तार हाय. त्यांना कोण सांगणार?"

"त्याचं उत्तर न्हाई माझ्याकडं," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

शेडला कुलूप लागलं. साडू आता कुणाच्या दारात गेले की बायका बोर्डासमोर उभ्या राहत. "नको नाना, हात नका लावू." तेही मग तसेच मागं फिरत. मयतीचं भाकीत करणं त्यांनी सोडलं. जत्रेत माळा उघड्या वायरींसकट लुकलुकत गेल्या आणि हे घरातच बसून राहिले.

पुढच्या मे महिन्यात मी गेलो तर शेडचं कुलूप उघडं, आणि आतून बारीक आवाज: "फॉलिन." मी कापड सारून बघितलं. रांगेत एकटी आक्का उभी होती, पदर खोचून, हातात पक्कड. साठीची बाई. ज्या फ्यूजपायी तिनं पोरीची सोयरीक मोडलेली बघितली, तोच उघडायला शिकत होती. साडू कडक आवाजात विचारत होते, "आधी काय?"

"आधी मेन बंद."

"मग?"

"मग टेस्टर. मग परत टेस्टर. आवं, किती येळा तेच?"

"मरूस्तवर."

कुरडया-पापडांचे दिवस होते. बायका एकमेकींच्या घरी हाताखाली जातात, चीक शिजवतात, खाटेवर कुरडया घालतात. आक्का रोज एका घरी जाऊ लागली. काम उरकलं की म्हणायची, "बाई, तुझ्या फ्यूजाची तार तेवढी बदलू दे गं. आमच्या ह्यांचं खूळ तुला ठाव हाय, न्हाईतर घरी मला भाकरी गोड लागू देत न्हाईत." कुरडया घालू लागलेल्या म्हातारीला कोण नाही म्हणणार? बोर्ड स्वैपाकघराच्या दारात असतो आणि पुरुष त्या वेळी रानात. मळ्यातल्या पेट्यांपर्यंत तिची मजल गेली नाही. पण घरं होत गेली.

विलासच्या घरी ती सगळ्यात शेवटी गेली, आणि पक्कड न घेता. दुपारी परत आली तेव्हा मी आणि साडू जेवायला बसलो होतो. तिनं पाय धुतले, आत आली आणि उभ्यानंच म्हणाली, "विलासच्या बायकोनं इचारलं, मावशी, आमची तार न्हाई का बदलायची? मी म्हनलं, ऱ्हाऊ दे पोरी. तर सोऱ्या दाबता दाबता म्हनली, 'मळ्यातली तर नानांनी कवाच बदलली. त्याच दिशी. मी बांधावर हुते, बघितलं मी, काय काढलं त्ये.' वर मान केली न्हाई तिनं. म्हनली, 'नानांना सांगा, मला ठाव हाय.'"

साडूंनी हातातला घास ताटात ठेवला.

"आनी विलासला?"

"त्याला न्हाई. तीबी बोलली न्हाई त्याच्याजवळ. वर्स झालं."

"बरं केलं," साडू म्हणाले. "लय बरं केलं पोरीनं."

त्यानंतर ते जेवलेही नाहीत आणि उठलेही नाहीत. बाहेर ऊन उतरायला लागलं होतं. आक्का चुलीशी बसून राहिली, आणि तिनं आमटी दोनदा गरम केली.