भागुबाईंनी आवरलेले हात

दिवे हळूहळू उजळावेत तशी ती खोली डोळ्यांपुढे आणा. साल १९९४, बंगळूरच्या जयनगरातलं एक इस्पितळ. मधोमध काचेची पेटी, तिच्यात कापडाच्या सुरळ्यांचं घरटं, आणि घरट्यात सातव्या महिन्यातच आलेलं मूठभर बाळ. पेटीच्या दोन गोल झरोक्यांतून आत गेलेले दोन म्हातारे हात. ते भागुबाईंचे.

त्या राहायच्या त्या राजाजीनगरात या हातांचा केवढा मान! पाय पसरून पाटावर बसायच्या, पोर नडगीवर घ्यायच्या, तेल चोळून उजवा हात डाव्या पायाला भिडवून असा ताणायच्या की रडणारं पोर अर्ध्या रडण्यात झोपी जायचं. निम्म्या गल्लीचे हातपाय आपण सरळ केले, असं त्या कन्नडातही सांगत आणि मराठीतही.

आता लेकीला, सौम्याला ताप. तिला आत मनाई, म्हणून आजीला बसवलेलं. एक तळवा बाळाच्या डोक्यापाशी, दुसरा दुमडलेल्या पायांवर. चोळायचं नाही, थोपटायचंही नाही. प्रेमा नावाच्या सिस्टरनं बजावलं होतं, "अज्जी, हा अजून पोटातच आहे असं समजा."

भागुबाईंना ते पटेना. गुडघे पोटाशी, मुठी तोंडाशी. पोर जन्मभर असंच आखडून राहायचं की काय? पाठ भरून आली, नाक खाजू लागलं, पण हात काढायची सोय नव्हती. काढला की बाळ दचकून हातपाय झाडायचं. कोंडलंय कोण, बाळ की आपण, हेच त्यांना कळेना.

सिस्टर पाठमोरी झाली तसा त्यांनी एक पाय हलकेच ओढला. अगदी स्वल्प.

पाय सरळ झाला आणि बाळाचा श्वास थांबला. ओठ निळे पडले, यंत्र किंचाळलं. सिस्टर धावली. तिनं बाळाच्या तळपायाला टिचकी मारली, पुन्हा मारली, तेव्हा कुठे छाती हलली. बाळाला दुमडून तिनं घरट्यात ठेवलं, आणि भागुबाईंचे तेच हात धरून पुन्हा त्याच्यावर ठेवले. तिला बाकीच्या पेट्याही बघायच्या होत्या. दुसरं होतं कोण?

मग भागुबाई हलल्याच नाहीत. बाहेर त्यांच्यासाठी आणलेली कॉफी रोज निवून जायची.

ताप उतरल्यावर सौम्या आत आली. तिनं झरोक्यातून हात घातला, आणि बोटं सवयीनं बाळाच्या पायाकडेच वळली. बाळंतिणींच्या घरी आईमागून फिरत तीही तेच शिकली होती. भागुबाईंनी तिचं मनगट धरलं, सावकाश बाळाच्या डोक्यापाशी नेलं आणि म्हणाल्या,

"लाव गं हात. फक्त मी शिकवला तसा लावू नकोस."