शेवटचा रकाना

ईशान, रेवा — ही गोष्ट मी तुमच्या आजोबांनाही सांगितली नाही. ते असेपर्यंत घरात ऐकणारं माणूस होतं, तरी नाही. आता इथे रत्नागिरीत दिवसभर बोलायला कोणी नसतं, तेव्हा ती माझ्याशीच बोलत बसते.

परवा फोनवर रेवा, तू म्हणालीस, आजी, तुझ्यासारखं नीटनेटकं मला कधी जमणार? मी हसले. फोन ठेवल्यावर मसाल्याच्या डब्यांवरच्या माझ्याच अक्षरातल्या चिठ्ठ्या बघत राहिले. नीटनेटकं — हो. त्याबद्दलच लिहायचं आहे.

विमा कंपनीत मी काय करायचे, हे तुम्ही कधी विचारलं नाहीत, आणि मला ते बरंच वाटायचं. विम्याची नवी योजना मनात आली म्हणून विकता येत नाही. निदान आमच्या वेळी तरी येत नव्हती. अटींचा मसुदा, हप्ता कसा ठरवला याचं गणित, गिऱ्हाइकाला द्यायचं माहितीपत्रक — सगळी फाइल आधी नियामकाकडे जायची. तिथे ओळ न् ओळ वाचायचे, शंका काढायचे, फाइल परत पाठवायचे. उत्तरं पटली की योजनेला एक क्रमांक मिळायचा. मग विक्री.

मच्छीमारांसाठी अपघाती मृत्यूची योजना निघाली, तेव्हा माहितीपत्रक मराठीत आणायचं काम माझ्याकडे आलं — माझं इंग्रजी चांगलं म्हणून. आमच्याकडची पद्धत अशी, की योजना ज्यांना विकायची त्यांच्यापुढे ते वाचून दाखवायचं, त्यांच्या शंका अहवालाच्या शेवटच्या रकान्यात लिहायच्या आणि तो अहवाल फाइलला जोडायचा.

मी पूर्णगडला गेले. एका अंगणात बायका जमल्या. सुकत घातलेल्या मासळीवरचे कावळे हाकत ऐकत होत्या. ‘मृत्यूचा दाखला जोडावा’ या ओळीशी जैनबी नावाच्या बाईनं मला थांबवलं. “बाई, दर्यानं माणूस परत दिलाच नाय, तर दाखला कोण देणार?”

“अगो, नवरा आत्ताच जेवून पडलाय घरात,” शेजारीण म्हणाली, “इतक्यात कुठे बुडवतेस त्याला?”

सगळ्या हसल्या. मीही. जैनबी हसली नाही.

विचारून कळवते, असं मी तिला सांगितलं. विचारायचं काय होतं? बेपत्ता माणसाला कायदा सात वर्षं मेलेला मानत नाही, हे मला माहीत होतं. आमच्या अटींत त्याची काही सोय नव्हती, हेही.

परत येऊन शेवटच्या रकान्यात मी लिहिलं — शंका नाही.

कोणी सांगितलं होतं का तसं? नाही. ती शंका लिहिली असती, तर नियामकानं तिच्यावर बोट ठेवलं असतं, कलम बदलायला लावलं असतं, हप्त्याचं गणित पुन्हा मांडावं लागलं असतं. फाइल परत आली असती. आणि माझा कागद जोडलेली फाइल परत येत नाही, असा माझा लौकिक होता. तेवढ्यासाठी? — तेवढ्यासाठी.

मंजुरी आली. मॅनेजरनी पेढे मागवले. मी खाल्ले.

इथपर्यंत लिहून मी उठले. चहा केला, कप धुऊन पालथा घातला. पुढचं लिहायचं टाळत होते.

दोन हंगामांनी जैनबीच्या नवऱ्याची होडी उलटली. बरोबरचे दोघे पोहत किनाऱ्याला लागले. तो आला नाही — कधीच. त्याच्या विम्याचे पैसे मागायला ती आमच्या शाखेत आली, तेव्हा तिच्या हातात माझंच माहितीपत्रक होतं, वर तो मंजुरीचा क्रमांक. मॅनेजरनी दाखला मागितला. ती माझ्याकडे वळली. “मी इचारलं होतं ना, बाई? तुम्ही सांगा यांना.”

मॅनेजर वाईट माणूस नव्हते. हो, विचारलं होतं — एवढं मी म्हटलं असतं, तर त्यांनी वरच्या कचेरीला लिहिलं असतं. तिच्यासाठी काही झालं असतं की नाही, कुणास ठाऊक. पण लिहिलं असतं. मी काय केलं? कपाट उघडलं. फाइल मिनिटात सापडली — माझ्या फाइली सापडतातच. अहवाल तिच्यापुढे धरला, शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि म्हटलं, असं कोणी विचारल्याचं मला आठवत नाही.

तिला वाचता येत होतं. तिनं ते दोन शब्द वाचले. मग माझ्याकडे पाहिलं — रागानं नाही. रागानं पाहिलं असतं तर — नाही, ते राहू दे. माहितीपत्रक होतं त्याच घड्यांवर मिटून तिनं पिशवीत ठेवलं, आणि एसटीची वेळ झाली म्हणून ती गेली.

तिची ती सात वर्षं कशी गेली, मला माहीत नाही. मी कधी चौकशी केली नाही. मी निवृत्त झाले तेव्हा माझ्या व्यवस्थितपणावर भाषणं झाली. ते फोटो तुम्ही पाहिले आहेत. मासळी बाजारात मी जात नाही — तुम्हाला वाटतं, गुडघ्यांमुळे. तिथे पूर्णगडच्या बायका बसतात.

तो रकाना तेवढा आज भरते. पूर्णगड. जैनबी. दर्यानं माणूस परत दिलाच नाही, तर दाखला कोण देणार? — असं तिनं विचारलं होतं.

मला आठवत होतं.