तिसऱ्या ग्लासानंतरचे काका

वायनरीत येणारा पाहुणा पहिल्या ग्लासाला लाजतो, दुसऱ्याला ज्ञान देतो आणि तिसऱ्याला स्वतःच किस्सा होऊन बसतो. मी नाशिकजवळच्या एका वायनरीत पाहुण्यांना टूर देतो, त्यामुळे माझ्याकडे असला माल पडून असतो. निम्मा माल साठीच्या पुढचा. वय झालं की माणूस शहाणा होतो, ही अफवा वयस्कर लोकांनीच पसरवलीय!

आधी घरचंच सांगतो. मी इंजिनिअरिंग अर्धवट सोडलं आणि इथे लागलो. पप्पा अंबड एमआयडीसीतल्या कंपनीतून रिटायर झालेले. त्यांनी कंपनीतल्या मित्रांना सांगून ठेवलंय, “मुलगा पुण्याला असतो.” मित्र घरी आले की मी आतल्या खोलीत पुण्याला असतो. एकदा मला जोरात शिंक आली. बाहेर कुणीतरी विचारलं, “आत कोण आहे हो?”

पप्पा म्हणाले, “कुकर!”

माणूस पोटच्या पोराला कुकर म्हणेल, पण पोरगा वायनरीत आहे म्हणणार नाही.

*

एक काका-काकू आले होते. काकांनी ग्लास उचलला आणि थबकले.

“आज संकष्टी. पण द्राक्ष म्हणजे फळच ना? उपवासाला चालायला हरकत नसावी.” माझ्याकडे असं बघितलं, जसा काही मी भटजी!

काकू शांतपणे म्हणाल्या, “चालेल की. फक्त चंद्र दिसेपर्यंत थांबा.”

काका दुपारभर सारखे बाहेर जाऊन आकाशाकडे बघत होते.

*

टेस्टिंगला मी सांगतो, ग्लास फिरवा, वास घ्या, घोट तोंडात घोळवा. एका ज्येष्ठ नागरिक मंडळाने हे इतकं मनावर घेतलं की अख्ख्या टेबलाने माना वर करून गुळण्या केल्या! खळखळ खळखळ! शेजारच्या टेबलावरची मुंबईची पोरं व्हिडिओ काढायला लागली.

मंडळाचे अध्यक्ष रुमालाने तोंड पुसत म्हणाले, “घशाला बरं वाटलं. जरा गरम करून मिळेल का?”

*

आमचे मॅनेजर आम्हाला ऊठसूट भाषण देतात, “पाहुणा कुणीही असो, हसून स्वागत!” हंगामात पेठ तालुक्यातून द्राक्षतोडणीला बायका येतात. एका रविवारी त्यातल्या चारपाच जणी ठेवणीतल्या साड्या नेसून, तिकिटं काढून, थेट टेस्टिंग रूममध्ये!

मॅनेजर धावले. “अहो, कामाचं गेट मागच्या बाजूला!”

त्यांच्यातली हिराबाई जागची हलली नाही. “काम उद्या. आज आमी गिऱ्हाईक हाय. हासा आता!”

हसले. दाढ दुखत असल्यासारखे, पण हसले.

*

द्राक्षतोडणीच्या सोहळ्यात मोठ्या लाकडी टबात द्राक्षं पायांनी तुडवायची असतात. उद्घाटनाला मालकांनी निफाडकडचे एक रिटायर्ड हेडमास्तर बोलावले. मास्तर टबापाशी अडले.

“अन्नाला पाय लावायचा?”

जन्मभर पुस्तकाला पाय लागला म्हणून पोरं बडवलेला माणूस! मालकांनी गळ घातली, तेव्हा कसेबसे उतरले. पण एक पाऊल टाकलं की खाली वाकायचं, द्राक्षांना हात लावायचा, तो कपाळाला लावायचा, उठायचं, मग पुढचं पाऊल. मागे डीजे दणदणतोय आणि टबात मास्तर वर-खाली, वर-खाली!

गर्दीतून एक टकले गृहस्थ ओरडले, “सर, उठाबशा मोठ्याने मोजा! आम्हाला मोजायला लावायचात!”

*

आणि मागच्या महिन्यात एक सहलीची बस आली. दारातून उतरले पप्पा! मागोमाग त्यांची रिटायर्ड मंडळी. सहल नेमकी कुठे आहे हे पप्पांना बहुतेक बसमध्ये बसल्यावर कळलं असावं, चेहरा तसाच होता.

मी म्हणालो, “नमस्कार, स्वागत आहे.”

पप्पा म्हणाले, “नमस्कार.”

सकाळी याच माणसाने मला दूध आणायला पिटाळलं होतं!

मी टाक्या दाखवल्या, पिंपं दाखवली. पप्पा सगळ्यांच्या मागे, भिंतीकडे बघत. मीही ओळख दाखवली नाही. माझं काय अडलंय?

टेस्टिंगला मधल्या खुर्चीत त्यांचे जुने साहेब बसले. रिटायर होऊनही साहेबच. उभ्या नोकरीत पप्पांनी या माणसाला “हो साहेब” सोडून दुसरं उत्तर दिलेलं नाही. साहेबांनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि चुटकी वाजवली.

“ए, यात सोडा घाल.”

“काका, यात सोडा घालत नाहीत. चव मरते.”

“तू मला शिकवणार? किती शिकलायस रे तू?”

अख्खं टेबल माझ्याकडे बघायला लागलं. माझं उत्तर तयार होतं, आणि त्या उत्तराने नोकरी गेलीच असती. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागून भिंतीकडून आवाज आला.

“सेकंड इयर, साहेब. दोनदा! फी मीच भरलीय. आणि तो सोडा घालत नाहीत म्हणाला ना, म्हणजे घालत नाहीत!”