चार बोटं खिडकी

मिस्त्रीमामा घरात आले की कूलरकडे बघायचेच नाहीत. आधी विचारायचे, "इथं झोपतं कोन?" मग त्या माणसाच्या मानेवर मागून उलटा हात ठेवायचे. बायकांच्या बाबतीत तेवढं नुसत्या विचारण्यावर भागवायचे. दुरुस्तीला बोलावलेला माणूस ताप बघतोय म्हटल्यावर लोक गोंधळणारच. बाजारातल्या एका शेठजींनी तर "मिस्त्री आहात की वैद?" म्हणून सुनावलं होतं. मामा शांतपणे म्हणाले, "शेठ, खोली थंड झाली का न्हाई, हे मशीनला काय ठाऊक? झोपनाऱ्याला इचारावं लागतंय."

ते जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाणे कंपनीच्या शीतगृहावर कामाला होते. ड्युटीच्या आधी सकाळी दोन-तीन घरं करायचे. होळी झाली की त्यांच्या सायकलच्या कॅरिअरवर वाळ्याच्या गवताचे गठ्ठे दिसायला लागत, आणि आम्ही माळ्यावरचे कूलर खाली काढत असू. "बियानं आन् लेकरू सारखंच," असं ते म्हणायचे. "उन्हात टाकलं की गेलं."

हे वाक्य आमच्या घरी फार खरं होतं. माझ्या लेकीला, वैजूला, घाम येत नाही. जन्मापासूनच. आम्हाला ते कळायला दोन उन्हाळे गेले. रोज दुपारी तिला सणसणून ताप चढे, मी शिकवत होते त्या शाळेतून धावत येई, औषधं बदलून बदलून आम्ही थकलो होतो. मंठ्याहून सासूबाई येऊन दृष्ट काढून गेल्या. शेवटी औरंगाबादच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, हिला औषध नाही, गारवा हेच औषध. डोक्यात ताप गेला तर पोर हाती लागणार नाही. जालन्याच्या मे महिन्यात गारवा! मला डॉक्टरांचाच राग आला होता.

मामांना बोलावलं तेव्हा वैजू तीन वर्षांची होती. त्यांनी तिच्या मानेवर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. मग म्हणाले, "ताई, आपला घाम आतून येतो. हिला बाहेरून घालायचा. मंग झालं की." सुती बनियन भिजवायचं, पिळायचं, तिच्या अंगात घालायचं आणि तिला कूलरसमोर बसवायचं. समोरची खिडकी मात्र उघडी हवी. "आत आल्याली हवा भाईर गेली पायजे. चार बोटं. पाच न्हाई, तीन न्हाई."

मी वादाला एका पायावर तयार असते. "हवा काय बोटं मोजते का, मामा?"

"हवा न्हाई मोजत. मी मोजतो."

तो उन्हाळा वैजूने तापाशिवाय काढला. पण जूनमध्ये एक-दोन सरी पडल्या, पाऊस गायब झाला आणि नुसतं उकडायला लागलं. कूलरची हवा ओली, अंगातलं बनियन वाळेना. वैजू पुन्हा तापली. मामा न बोलावता आले. "आता कूलर दगा देनार. मी दुसरं करून राह्यलो." कंपनीच्या ऑफिसातला एक मोडका एसी त्यांनी साहेबांकडून मागून घेतला होता, पंधरा दिवस खपून चालू केला होता. एका सकाळी तो आमच्या भिंतीत बसवला, चालू केला आणि ड्युटीवर गेले.

दुपारी वैजूचे डोळे फिरायला लागले. एसी तर धडधडत होता. मी शेजाऱ्यांच्या फोनवरून कंपनीत निरोप दिला. मामा जेवणाच्या डब्यावरून उठून सायकलवर आले. मानेवर हात ठेवला, मग खोलीभर नजर फिरवली. मी जास्त गारवा व्हावा म्हणून कूलरही चालू ठेवला होता, आणि खिडकी इमानेइतबारे चार बोटं उघडी! मामांनी कूलर बंद केला, खिडकी लावली, वैजूचं अंग ओल्या फडक्याने पुसत एसीच्या झोतात तिला मांडीवर घेऊन बसले. अर्ध्या तासाने तिने पाणी मागितलं. मी भिंतीला टेकून रडत होते आणि आता चार शब्द ऐकावे लागणार म्हणून वाट बघत होते.

"चूक माझी हाय, ताई," मामा म्हणाले. "चार बोटं मीच शिकवली. कूलरला खिडकी उघडी, एसीला बंद. मशीन बदललं, आन् सांगायचं इसरून गेल्तो." कोणीही माथी मारली नसती ती चूक अशी अंगावर घेणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

पुढे पंधरा वर्षं त्यांनी वैजूचे उन्हाळे सांभाळले. तिच्या वर्गाच्या खिडकीतही कूलर बसवला आणि हेडमास्तरांनाही चार बोटं शिकवली. वैजू कॉलेजात गेली तेव्हा मामांना अर्धांगवायू झाला.

ते जाण्याच्या आदल्या आठवड्यात आम्ही भेटायला गेलो. मेचीच दुपार होती. वैजूने ओली ओढणी गुंडाळली होती. मामांचा मुलगा पुण्याहून आला होता. वडिलांना गार वाटावं म्हणून त्याने कूलर जोरात लावून दारं-खिडक्या घट्ट बंद केल्या होत्या. त्याच्या पुण्याच्या ऑफिसात एसी होता. खोलीत दमट कोंदलं होतं, आणि मामांना सांगता येत नव्हतं.

वैजूने कूलरकडे पाहिलंच नाही. ती खाटेवर बसली आणि मामांच्या मानेवर मागून उलटा हात ठेवला. मग उठून खिडकी उघडली, फटीत बोटं घालून पाहिली आणि परत येऊन बसली.

"ताई, गरम हवा आत येईल ना," मुलगा म्हणाला.

"आतली बाहेर जाईल," वैजू म्हणाली. "चार बोटं. पाच नाही, तीन नाही."

माझी लेक आज आहे ती या माणसामुळे, हे मला त्या क्षणी ओरडून सांगावंसं वाटलं. हळूहळू खोली हलकी झाली. मामांच्या मानेवरचा घाम वाळला. वैजूचा हात अजून तिथंच होता. वाकडं झालेलं तोंड हलवत, मोठ्या कष्टाने, मामा म्हणाले,

"बराबर."