थांबायची ओळ

उंद्रीच्या प्रतीक्षाला कुणी भुताखेताचं सांगू लागलं, की ती आधी विचारते, "अर्थिंग पाहिलं का?" म्हणून ती माझ्या दुकानात पांढरीफटक होऊन येऊन बसली, तेव्हा मलाच धडकी भरली. चिखलीत माझं विहिरीवरच्या मोटारी भरायचं, म्हणजे रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळक्या मोटारी आणि जळफळणारी गिऱ्हाइकं माझ्या रोजच्या पाहण्यातली. पण प्रतीक्षा घाबरलेली मी कधी पाहिली नव्हती.

"गोकुळभाऊ, शेखरभाऊनं पुन्हा मंजुरी दिली," ती म्हणाली.

शेखरला जाऊन तेव्हा बरेच महिने झाले होते.

ही प्रतीक्षा म्हणजे वामनरावांची सून, सासऱ्यांना ती मामाजी म्हणते. डिप्लोमा शिकलेली. सकाळी वांग्याच्या वावरात, दुपारी लॅपटॉपसमोर. विहिरीवरच्या मोटारीला मोबाइलवरून चालू-बंद करायचा डबा लावतात ना, त्याच्या आतला प्रोग्राम ती सांभाळते. हा प्रोग्राम कुणा कंपनीचा नाही. सगळ्यांसाठी उघडा आहे. कुणीही वाचावा, कुणीही दुरुस्ती पाठवावी. पण पाठवलेली दुरुस्ती आत घ्यायची की नाही, हे ठरवायचा अधिकार दोघांनाच होता, एक ती आणि दुसरा सुलतानपूरचा शेखर, ज्यानं तो मुळात लिहिला. दोघांपैकी एकानं हिरवं बटण दाबलं की दुरुस्ती आत जायची आणि येत्या रविवारी गावोगावच्या डब्यांत आपोआप उतरायची. प्रतीक्षा नाही म्हणण्यात पक्की. दुरुस्ती पाठवणारी पोरं तिला मागून 'हेडमास्तरीण' म्हणायची. तिला ते माहीत होतं आणि आवडायचंही.

शेखरनं त्या प्रोग्राममध्ये एक ओळ घातली होती. लाइट आली की डब्यानं मोटार लगेच सुरू करायची नाही. आधी भोंगा वाजवायचा, मग थोडं थांबायचं, मग मोटार. आपल्याकडे लाइट कधी येईल याचा नेम नसतो. शेखरचे वडील नारायणराव लाइट नाही असं पाहून विहिरीवर सुटलेली वायर जोडायला बसले होते, आणि जुन्या साध्या डब्यानं लाइट येताक्षणी मोटारीला करंट दिला. ते तिथेच गेले. त्यानंतर शेखरनं लिहिलेली पहिली ओळ ही. ती तो कुणाला हात लावू द्यायचा नाही.

मग एका पावसाळ्यात शेखरही डेंग्यूनं गेला. दहाव्याला लोणारला पिंड ठेवला. कावळे झाडावर बसलेले, पण एकही खाली येईना. मामा म्हणाला, आईला सांभाळू. भाऊबंद म्हणाले, शेत पडीक पडू देणार नाही. कावळे ढिम्म. ऊन चढलं, भटजी चुळबुळ करू लागले. तेव्हा प्रतीक्षा पुढे झाली, हात जोडून म्हणाली, "शेखरभाऊ, प्रोग्रामातून तुमचं नाव मी काढणार नाही. तुमची जागा तशीच राहील." आणि कावळा शिवला. मी तिथे उभा होतो. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, पण अंगावर काटा आला तो आलाच.

म्हणून शेखरचा अधिकार तसाच राहिला. मेलेल्या माणसाकडे किल्ली ठेवू नये हे तिला कळत होतं. ती दुसऱ्यांना तेच शिकवायची. पण दिलेला शब्द मोडवेना.

आणि एके दिवशी एका बारीकशा दुरुस्तीवर शेखरच्या नावापुढे हिरवी खूण उमटली. सकाळी, चहाच्या वेळी. जिवंत असताना तो त्याच वेळी मंजुऱ्या द्यायचा. मग दुसरी, मग तिसरी. प्रोग्रामवाल्यांच्या ग्रुपवर लोकांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. प्रतीक्षानं त्याच्या नावावर निरोप पाठवला, "कोण आहे?" उत्तर आलं नाही. फक्त पुढच्या सकाळी आणखी एक हिरवी खूण आली. कुणीतरी खातं चोरलं असेल, अधिकार काढून टाक, मी म्हणालो. ती म्हणाली, चोर असता तर काही वाईट केलं असतं. आतापर्यंतच्या सगळ्या दुरुस्त्या चांगल्या होत्या.

मग मलकापूरच्या रामनं दुरुस्ती पाठवली. पोरगं उत्साही. लाइट आधीच कमी मिळते, त्यात थांबण्यात वेळ कशाला घालवायचा, म्हणून त्यानं थांबायची ओळच काढली होती. सकाळी शेखरची मंजुरी. प्रतीक्षानं ओळ परत घातली. रामनं हट्टानं पुन्हा पाठवलं. पुन्हा शेखरची मंजुरी. तिनं ओळ पुन्हा परत घातली.

दुकानात बसून ती हेच सांगत होती. "बापासाठी लिहिलेली ओळ तो स्वतः काढाले हो म्हणून राह्यला, गोकुळभाऊ. काऊन? अन् एखाद्या वेळी माया नजरेतून सुटून रविवारी हे डब्यात उतरलं तर? आमचे मामाजी रोज विहिरीवर असतात."

"काढ त्याचा अधिकार. आत्ताच्या आत्ता."

"त्याच्या मायसमोर शब्द देल्ला मी. तिले विचारल्याशिवाय कसा काढू?"

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं आम्ही सुलतानपूरला निघालो. 

शेखरच्या आईनं, अंबूबाईंनी, चहा ठेवला. भिंतीवर बापलेकांचे फोटो शेजारी शेजारी, दोन्हीला हार. खाली फळीवर चार्जरला लावलेला शेखरचा फोन. प्रतीक्षा शब्द जुळवत होती, तेवढ्यात तिचा फोन वाजला आणि त्याच क्षणी फळीवरचाही वाजला. रामनं तिसऱ्यांदा पाठवलं होतं. अंबूबाई पदराला हात पुसत उठल्या, फोन घेतला आणि एकेक जागा ओळखीची असल्यासारखं बोट फिरवू लागल्या.

"मावशी, थांबा!" प्रतीक्षा ओरडली.

अंबूबाई दचकल्या. "काऊन वं? हिरवंच त दाबून राह्यली. चाय पेला का तो रोज हेच दाबे. कामं त त्याच्या मांगंही येतच राह्यली, माय. म्हटलं, पोराच्या हातचं काम खोळंबू नये. मले वाचता येत नाही, पण हिरवं त समजते."

मला वाटलं, आता उलगडा झाला, भीती सरेल. उलट घर जास्तच गार पडल्यासारखं झालं. प्रतीक्षा हे सांगणार तरी कसं? मी तिला डोळ्यांनी नको म्हणून खुणावलं. तिनं ऐकलं नाही. अंबूबाईंच्या पायाशी बसली.

"मावशी, ह्या हिरव्यानं शेखरभाऊची थांबायची ओळ निघून जाते."

त्या प्रोग्राममधली तेवढी एकच ओळ अंबूबाईंना माहीत होती. शेखरनं लिहिली त्या दिवशी बापाच्या फोटोसमोर त्यांना वाचून दाखवली होती. त्यांनी स्वतःच्या बोटाकडे पाहिलं.

"दाबलं मी?"

"दोनदा. मी परत घातली, मावशी. कोणाले काही झालं नाही."

अंबूबाईंनी फोन तिच्या हातात ठेवला. "काढ. मायं बोट नको तिथं."

"मी कावळ्यासमोर शब्द देल्ला होता, जागा तशीच ठेवीन म्हणून."

"त्याची जागा त्या ओळीत हाये, पोरी. ह्या बटनात नाही."

प्रतीक्षानं रामला नकार कळवला. मग डोळे पुसत आपल्या फोनवरून शेखरचा अधिकार काढला. लिहिलेल्या ओळींवर त्याचं नाव होतं तसंच राहिलं. फळीवरच्या फोनमधलं हिरवं बटण तेवढं गेलं. चहा गार झाला होता, तोच आम्ही प्यालो.

आम्ही उठणार तेवढ्यात लाइट आली. पंखा फिरू लागला. घरामागच्या वावरात विहिरीवर भोंगा वाजला आणि बंद झाला. मोटार अजून सुरू व्हायची होती. अंबूबाईंनी मागचं दार उघडलं, विहिरीच्या रिकाम्या काठाकडे पाहिलं आणि रोजच्यासारखं हळूच म्हणाल्या, "सरका हो, लाइट आली."

मग मोटार सुरू झाली.