आपला कागद दुसऱ्याच्या हाती देणाऱ्या सुजाताबाई

आदरणीय सुजाताबाई साळवे यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरं. नव्वदच्या दशकाची सुरुवातीची वर्षं होती. इंदापूरला तहसील कचेरीच्या मागच्या गल्लीत, एका कापडदुकानाच्या माडीवर बाईंचा टंकलेखन वर्ग भरत असे. मी नुकतीच बारावी झालेली, आबांच्या म्हणजे माझ्या वडिलांच्या मागोमाग जिना चढून दारात उभी राहिले. आठ मशीन एकदम खडखडत होती आणि बाई खिडकीशी उभ्या राहून एक टाइप केलेला कागद वाचत होत्या. वाचत होत्या त्या खालून वर. पट्टी शेवटच्या ओळीखाली, मग तिच्या वरच्या, मग आणखी वरच्या. मला वाटलं, या बाईंचं काहीतरी बिनसलेलं दिसतंय.

आबांनी नमस्कार केला. म्हणाले, "बाई, पोरीला टायपिंग शिकवायचं हाय. किती दिस लागत्याल?"

"मशीन सहा महिन्यांत येतं, आबा," बाई म्हणाल्या. "कागद वाचायला जास्त लागतात."

जिना उतरताना आबा मला म्हणाले, "बारावी झालेल्या पोरीला वाचायला शिकवणार म्हणं. बघ बाई, तुझं तू." पण नाव घातलं.

बाईंच्या अमृतमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्याविषयी लिहिणाऱ्यांत वकील आहेत, मुख्याध्यापक आहेत, मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले अधिकारी आहेत. त्यांनी बाईंची समाजसेवा, भिगवणकडचं त्यांचं गाव उजनी धरणाच्या पाण्यात गेल्यावर शून्यापासून उभा केलेला संसार, वर्गातून नोकरीला लागलेल्या शेकडो मुली, हे सगळं माझ्यापेक्षा चांगलं मांडलेलं असणार. मी आयुष्यभर टंकलेखक. मला बाईंच्या एका रीतीविषयीच सांगता येईल. त्या रीतीला वर्गात 'पान फिरवणं' म्हणत.

रीत अशी होती, की स्वतः टाइप केलेला कागद स्वतः तपासायचा नाही. मशीनमधून काढला, की शेजारणीच्या पुढ्यात ठेवायचा. तिनं पट्टी लावून, खालून वर, एकेक ओळ वाचायची आणि कोपऱ्यात पेन्सिलीनं आपलं आद्याक्षर टाकायचं. खालून वर अशासाठी, की अर्थाच्या नादात डोळा पुढे पळू नये. बाईंचा स्वतःचा कागदही यातून सुटत नसे. उलट तो वर्गातल्या सगळ्यांत नव्या मुलीकडे जाई. बाई म्हणत, "जुनी पोरगी मला भिती अन् माझ्यावर विश्वास बी ठेवती. नवीला दोन्ही येत न्हाय."

आपलीच चूक आपल्याला का दिसत नाही, हे कुणीतरी विचारल्याशिवाय राहत नसेच. बाई फळ्यावर काही लिहून वगैरे समजावत नसत. विचारत, "आमटी करणारीला मीठ कळतं का? वासानंच तिचं पोट भरलेलं असतं. ती चमचा दुसऱ्याला देती. तसंच हाय. जे लिवायचं ते आधी मनात तयार असतं. मग आपण कागद वाचत न्हाय, मनातलंच पुन्हा म्हणतो. डोळा नुसता सोबतीला असतो." दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, ही म्हण लोक एकमेकांना टोचायला वापरतात. बाईंनी ती कामाला लावली. त्यांचं म्हणणं सरळ होतं: आपलं मुसळ आपल्याला दिसणारच नाही, तर त्यावर रुसण्यापेक्षा शेजारणीला बघायला सांगावं.

एकदा एका वकिलांचे कारकून आले. त्यांचं मशीन बिघडलं होतं म्हणून त्यांनी आमच्या वर्गात बसून स्वतःच एक दावा टाइप केला. फार ऐटीत केला, मान्य करायला हवं; ओळ संपल्याची घंटी वाजायच्या आत हात कॅरेज सरकवायला तयार. निघताना बाईंनी विचारलं, "पान फिरवायचं का?" ते हसले. "बाई, पंधरा वर्षं हेच करतोय. तीनदा वाचलंय." बाईंनी कागद आठ दिवसांपूर्वी आलेल्या मुलीच्या हातात दिला. तिनं वाचला आणि घाबरत विचारलं, "काका, वरच्या पानात ज्यांनी घर बळकावलंय, ते या पानात बिचारे कसे झाले?" वादी आणि प्रतिवादी यांची नावं दुसऱ्या पानापासून उलटी झाली होती. कारकून खाली बसले, पाणी प्यायले आणि पुन्हा टाइप करू लागले. बाईंनी त्यांना चहा दिला. पुढे त्यांनी आपली मुलगी याच वर्गात घातली.

आता माझं सांगते.

आमची वस्ती बावड्याच्या रस्त्यावर, फाट्यापासून आत. फाट्यावर दिवसात एकच गाडी थांबे. ती साडेदहाला इंदापूरहून निघून बावड्याला जाई आणि तीच परत इंदापूरला येई. त्या परतीच्या गाडीनं मी दुपारी वर्गाला पोचायची. संध्याकाळी मात्र आमच्या फाट्यावर काहीच थांबत नसे. बावड्याला उतरायचं आणि उसामधल्या रस्त्यानं तीन किलोमीटर मागं चालत यायचं. वस्तीवरच्या आम्ही सहा मुली. पाच जणी कॉलेजला, मी टायपिंगला. दिवाळीनंतर दिवस लहान झाला तसे आबा म्हणाले, "सांजच्या गाडीचं झालं तर बरं. न्हाय झालं तर शोभे, तू घरी बस. माझ्या जिवाला घोर नको." आबा शब्दाचे पक्के. बाकीच्या मुलींच्या घरीही हेच चाललं होतं.

म्हणून वस्तीवरच्या मंडळींनी अर्ज करायचा ठरवला. इंदापूरहून संध्याकाळी साडेपाचला गाडी सुटावी आणि ती आमच्या फाट्यावर थांबावी. आबा चौघांना घेऊन वर्गात आले, रेघी कागदावरचा मसुदा बाईंच्या पुढ्यात ठेवला. बाईंनी लगेच बसून टाइप केला. त्या महिन्यात बाईंनी असे बरेच अर्ज केले होते, आणि साऱ्या गावांना गाडी हवी होती ती सकाळी, शाळेच्या वेळेला. बाईंचे हात सवयीनं चालले. कागदावर उमटलं, 'सकाळी साडेपाच'.

वर्गात सगळ्यांत नवी तेव्हा मीच होते. मंडळी खाली चहाला गेली होती, तेव्हा तो कागद माझ्याकडे आला.

मी तो वाचला. नीट वाचला, पट्टी लावून, खालून वर, एकही ओळ न गाळता. 'सकाळी' हा शब्द पट्टीच्या बरोबर वर होता, ठळक, नव्या रिबनचा. मला त्या जागी संध्याकाळच दिसली. ती गाडी मी महिनाभर डोळ्यांपुढे बघत होते. तिचं दार, खिडकीजवळची जागा, फाट्यावर उतरणाऱ्या आम्ही सहा जणी. बाईंकडे राहणाऱ्या प्रतीच्या कोपऱ्यात मी माझं 'शो' टाकलं. मंडळींनी परत येऊन न वाचता सह्या केल्या. आबा म्हणाले, "बाईंनी केलंय म्हंजी बघायचं काम न्हाय."

अर्ज मंजूर झाला. निरोप आला, सोमवारपासून साडेपाचची गाडी थांबेल. सोमवारी संध्याकाळी अख्खी वस्ती फाट्यावर. नारळ, हार, कुंकवाचं ताट. आम्ही सहा जणी इंदापूरच्या स्टँडवर साडेपाचची गाडी शोधत हिंडतोय, आणि फाट्यावर मंडळी रस्त्याकडे डोळे लावून बसलीयेत. आम्ही बावड्यावरून चालत घरी पोचलो तेव्हा हार कोमेजला होता. आबांनी तो म्हशीपुढे टाकला आणि ते न जेवता झोपले. 

दुसऱ्या दिवशी साडेदहाची गाडी अकराला फाट्यावर पोचली आणि तिचा कंडक्टर उतरून आबांवरच घसरला. "काय आबा तुमी. अर्ज करायचा अन् यायचं न्हाय. काल सकाळी बी आलो, आज बी आलो. हितं चिटपाखरू न्हवतं."

"सकाळी कशाला आला?" आबा म्हणाले.

"अर्जात सकाळीच लिवलंय. सह्या तुमच्याच हायत."

मी त्याच गाडीत चढले आणि वर्गात जाऊन बाईंना सांगितलं. बाईंनी फाइलीतून आपल्याकडची प्रत काढली, खिडकीशी नेली. पट्टी लावून खालून वर वाचली. मग मला बोलावून बोट ठेवलं. तो शब्द आणि कोपऱ्यातलं माझं 'शो'. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"रडू नको," बाई म्हणाल्या. "मी सवयीचं लिवलं, तू मनातलं वाचलंस. जे पायजे हुतं ते. चूक माझीच हाय. तुझ्या गाडीचा कागद मी तुला वाचायला द्यायलाच नको हुता. ज्याला मजकूर ठाऊक न्हाय, त्यानंच वाचावा." प्रत फाइलीत ठेवत म्हणाल्या, "ही सही वस्तीवर कुणाला सांगायची न्हाय. आबांना कळलं तर म्हणतील, शिकायला धाडली अन् आपलंच बुडवून आली. मग तू घरीच."

दुसऱ्या दिवशी बाईंनी वर्ग बंद ठेवला. माझ्या माहितीत त्यांनी असं प्रथमच केलं. आधी डेपोत जाऊन दुरुस्तीचा अर्ज दिला, मग साडेदहाच्या गाडीनं आमच्या फाट्यावर उतरल्या. मंडळी लिंबाखाली जमली. बाई उभ्या राहूनच बोलल्या. "अर्ज मी टाइप केला. 'सकाळी' हा शब्द माझ्या हातनं पडला. डेपोची चूक न्हाय, तुमची न्हाय. नवा अर्ज देऊन आले. महिना-दोन महिने लागतील, म्हणाले."

 आबांनी विचारलं, "बाई, तुमी एवढ्या शिकलेल्या. तुमच्याकडनं कसं झालं?"

"शिकलेल्याकडनंच होतं, आबा. ज्याला समदं येतं असं वाटतं, तो वाचायचं सोडतो."

आबांना हे उत्तर अपेक्षित नसावं. तरी हट्ट सोडेनात. "बरं, झालं ते झालं. पर दोन म्हैने पोरी अंधारात चालणार न्हाईत. शोभी घरीच ऱ्हाईल."

"ती सकाळची गाडी येतीय न्हवं?" बाई म्हणाल्या. "सहाला फाट्यावर येती, बावड्यासनं फिरून परत इंदापूरला जाती. शोभाला तिनं पाठवा. मी सातला वर्ग उघडते. साडेदहाच्या गाडीनं ती उजेडात घरी."

"वर्ग तर नऊला असतोय."

"सातला उघडते."

"एका पोरीसाठी?"

"व्हय."

आबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. म्हणाले, "उद्यापासनं येईल ती."

ती गाडी सुरुवातीला माझ्या एकटीसाठी थांबली. मी जिना चढायची तेव्हा बाई कुलूप काढून, झाडून, बुद्धाच्या तसबिरीला फूल वाहून बसलेल्या असत. थंडीनं बोटं आखडलेली, म्हणून आधी चहा. मग मशीन. आठांतलं एकच वाजायचं. हळूहळू त्या गाडीला कॉलेजच्या मुली आल्या, दुधाचे कॅन आले, दवाखान्याला जाणारे म्हातारे आले. दोन महिन्यांनी संध्याकाळची गाडी सुरू झाली तेव्हा सकाळचीही कुणी बंद करू दिली नाही. वस्तीवर तिला 'चुकीची गाडी' म्हणत. "चुकीची गेली का?" असं माणसं गंभीरपणे एकमेकांना विचारत.

बारामतीच्या केंद्रावर मी परीक्षा दिली, पास झाले, तिथेच एका कार्यालयात टंकलेखक म्हणून लागले आणि तिथूनच गेल्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतली. 'पान फिरवणं' मी कार्यालयातही नेलं. साहेबांचं पत्र मी शिपाईमामांना वाचायला द्यायची, तेव्हा पुष्कळांनी नाकं मुरडली. दशक संपता संपता संगणक आले, चुकलेल्या इंग्रजी शब्दाखाली लाल रेघ यायला लागली, तेव्हा मी बाईंना मोठ्या कौतुकानं सांगायला गेले. बाईंनी ऐकून घेतलं. "चांगलं हाय," म्हणाल्या. "पर गाडी सकाळची पायजे का सांजची, ते त्याला कळतंय का?" ते ऐकून मला चुकीच्या गाडीचे ते दिवस आठवले. सकाळचे सात, बंद दुकानांची ती गल्ली, आणि आम्हा दोघींचा चहा.

आबांना जाऊन आता काही वर्षं झाली. शेवटपर्यंत ते आल्यागेल्याला सांगत, "बाईंच्या हातनं जल्मात एक चूक झाली, पर आमच्या शोभीच्या कामी आली." मी शेजारी बसून मान डोलवायची. बाईंना मी दोनदा विचारलं होतं, आता सांगू का? पहिल्यांदा त्या म्हणाल्या, "नोकरी पक्की हुंदे." दुसऱ्यांदा म्हणाल्या, "आबांचं वय झालंय, उगं कशाला." तिसऱ्यांदा मी विचारलेलंच नाही. हा ग्रंथ वस्तीवरही जाणार आहे, म्हणून इथे लिहिते: ती चूक एकट्या बाईंची नव्हती. तो कागद मी वाचला होता, आणि कोपऱ्यातली सही माझी होती. लिंबाखाली बाई माझ्या वाट्याचंही ऐकून घेत उभ्या होत्या, आणि मी लोकांच्या मागे गप्प उभी होते.

बाई, हे तुमची परवानगी न घेता लिहिलंय. तुम्ही रागावणार, हे मला ठाऊक आहे. तब्येतीला जपा, गुडघ्याचं औषध वेळेवर घ्या, आणि आणखी खूप वर्षं, अगदी शंभरी ओलांडून, मला रागवत राहा.